‘४२ टक्क्यांवरून २ टक्के’ : नववीतल्या एका इतिहास प्रकल्पाचं प्रकरण

नववीच्या वर्गाला मी दिलेला विषय एका ओळीचा होता : ‘एक ऐतिहासिक व्यक्ती निवडा आणि तिचं तिच्या काळातलं महत्त्व लिहा.’ मुदत सहा आठवडे, मर्यादा पंधराशे शब्द. हा विषय मी बरीच वर्षं देते आहे. बहुतेक वह्यांमध्ये जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार, निधन असा पाच परिच्छेदांचा ठोकळा येतो. ‘तिच्या काळातलं’ हे शब्द मुलांच्या नजरेतून निसटून जातात. इथे ज्या प्रकल्पाबद्दल लिहिते आहे त्यात ते निसटले नाहीत. पण तिथवर पोचायला तीन खर्डे लागले, आणि मधला खर्डा बिघडला तो माझ्यामुळे. म्हणून सगळं तपशिलानं लिहून ठेवते आहे. मुलीचं नाव देत नाही.

पहिला खर्डा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव तिनं पहिल्याच दिवशी नोंदवलं. तिची आई परिचारिका आहे, रात्रपाळ्या करते, आणि घरात या नावाबद्दल मोठा आदर आहे. विषय जिव्हाळ्याचा असला की मुलं भरपूर वाचतात. पण त्याच विषयावर कुणी शंका काढली तर त्यांना ती आपल्या माणसावर घेतलेली शंका वाटते.

दोन आठवड्यांनी आलेला खर्डा नीटनेटका होता. १२ मे १८२० ला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्म, त्या शहरावरूनच नाव. सुखवस्तू इंग्रज घराणं. घरच्यांचा विरोध पत्करून जर्मनीतल्या कैझर्सवर्थ इथे घेतलेलं प्रशिक्षण. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी (ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या) ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीतल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात रवानगी. हातात दिवा घेऊन रात्री सैनिकांची विचारपूस. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळवणारी पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० ला निधन. एकही तारीख चुकलेली नव्हती.

‘महत्त्व’ या मथळ्याखाली मात्र विशेषणांची रांग होती. थोर, दयाळू, निःस्वार्थी, आधुनिक शुश्रूषेच्या जननी. ही विशेषणं दुसऱ्या कुणाच्याही नावापुढे जशीच्या तशी चालली असती. या रांगेत तपासता येईल असं एकच वाक्य होतं : ‘त्यांच्या अथक सेवेमुळे रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं.’

मी त्याखाली लाल रेघ ओढली, समासात ‘कधी?’ एवढंच लिहिलं आणि वही परत दिली. तपासायला चाळीस वह्या होत्या. तिला पाच मिनिटं जवळ बसवून या प्रश्नाचा अर्थ सांगायला हवा होता, तो मी सांगितला नाही.

दुसरा खर्डा

‘कधी?’ या शब्दाचा पाठपुरावा तिनं एकटीनं केला, आणि चांगला केला. नाइटिंगेल स्कुटारीला पोचल्या ४ नोव्हेंबर १८५४ ला. ४२ टक्क्यांचा आकडा फेब्रुवारी १८५५ चा. म्हणजे त्या आल्यानंतर तीन महिने मृत्यू वाढतच गेले. मार्चच्या सुरुवातीला लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. डॉक्टर जॉन सदरलंड, अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन आणि डॉक्टर हेक्टर गॅव्हिन. त्यांना रुग्णालयाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी असलेली दिसली. गटारं धुऊन काढली, कचऱ्याचे ढीग आणि मेलेली जनावरं हलवली, पाण्याचा मार्ग साफ केला, खिडक्या उघडण्याची सोय केली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं.

हे सगळं तिच्या वहीत ओळीनं लिहिलेलं होतं. आणि शेवटी : ‘यावरून सिद्ध होतं की नाइटिंगेल यांचं महत्त्व वर्तमानपत्रांनी फुगवलेलं आहे. खरं काम आयोगानं केलं.’

वही देताना ती म्हणाली, “बाई, मला विषय बदलायचाय. आईला मी काय सांगू?”

तेव्हा मला माझ्या लाल रेघेचं वजन कळलं. मी प्रश्न विचारला होता. तिनं त्याला निकाल समजून घेतलं होतं. पहिल्या खर्ड्यात नाइटिंगेल देवी होत्या, दुसऱ्यात तोतया. दोन्हीकडे तर्काची रीत एकच होती : एक आकडा घ्यायचा आणि तो एका नावाला चिकटवायचा. फक्त नाव बदललं होतं.

विषय बदलू दिला नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी ग्रंथालयात बसलो, आणि पुढचे दोन आठवडे आठवड्यातून दोनदा बसत गेलो.

हजारातले एक हजार बावीस

पुढे काय करायचं ते मला लगेच सुचलं नाही. सुचलं ते तिच्या आईला. त्यांनी मुलीबरोबर निरोप पाठवला की बाईंना विचार, ते सैनिक दाखल कशासाठी झाले आणि मेले कशानं? वॉर्डात रोज नोंदी करणाऱ्या व्यक्तीचाच हा प्रश्न. आम्ही दोघींनी तोवर ‘किती’ आणि ‘कधी’ पाहिलं होतं, ‘कशानं’ पाहिलंच नव्हतं.

त्याचं उत्तर नाइटिंगेल यांनीच देऊन ठेवलेलं आहे. १८५८ मध्ये त्यांनी ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावर एक जाडजूड अहवाल छापून घेतला. त्यात या युद्धासाठी पूर्वेकडे गेलेल्या संपूर्ण ब्रिटिश सैन्यातल्या मृत्यूंचे महिनावार आकडे आहेत, आणि त्यांवरून काढलेली ती प्रसिद्ध आकृती आहे. वर्तुळात मांडलेल्या बारा पाकळ्या, एका महिन्याला एक. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. मी तिला आधी आकृती दाखवली नाही, आकडे दिले.

नोव्हेंबर १८५४ : रोगानं ८४४, जखमांनी २८७. जानेवारी १८५५ : रोगानं २,७६१, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. फेब्रुवारी : रोगानं २,१२०, जखमांनी ४२. मार्च : रोगानं १,२०५. एप्रिल : ४७७.

जानेवारीची ओळ तिनं दोनदा वाचली. तिच्या डोक्यात युद्ध म्हणजे तोफा आणि तलवारी. आणि इथे रोगानं मेलेल्या तेहतीस जणांमागे जखमांनी मेलेला एक. पूर्ण युद्धाचा ब्रिटिश हिशोबही तेच सांगतो : लढताना मेले सुमारे २,७५०, जखमांनी नंतर गेले सुमारे २,०००, रोगांनी गेले १६,००० हून अधिक.

मग ती अडली ती दराच्या रकान्यापाशी. जानेवारी १८५५ मध्ये रोगानं मृत्यूचा दर दर हजारी १,०२२.८ असा दिला होता. “हजारातले एक हजार बावीस कसे मरतील?” तिला वाटलं छपाईची चूक आहे. मी म्हटलं, त्या महिन्यात सैन्य किती होतं बघ. ३२,३९३. मेले २,७६१. आता बारानं गुण. तिनं कागदावर गुणाकार केला, भागाकार केला, आणि १,०२२ आलं. तो दर वार्षिक होता. जानेवारीत माणसं ज्या वेगानं मरत होती तोच वेग वर्षभर राहिला असता आणि नवी भरती आली नसती, तर एका वर्षात सगळं सैन्य संपलं असतं. एकही गोळी न लागता, नुसत्या रोगानं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. शिकवताना असे क्षण फार येत नाहीत. आकडा समजणं आणि आकड्याची भीती वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दुपारी तिला दुसरी गोष्ट झाली.

त्याच तक्त्यानं तिचा दुसरा खर्डाही मोडला. आयोग स्कुटारीला पोचला मार्चमध्ये. पण संपूर्ण सैन्यातले रोगाचे मृत्यू जानेवारीपासूनच उतरायला लागले होते : २,७६१, मग २,१२०, मग १,२०५. म्हणजे गटारं साफ होण्याआधीच काहीतरी सुधारत होतं. काय? ती शोधायला लागली. कडाक्याचा हिवाळा सरत आला होता. उबदार कपडे, तंबूंऐवजी लाकडी झोपड्या, रसद हे सगळं उशिरा का होईना पोचत होतं. बालाक्लावा बंदरापासून छावणीकडे रेल्वेमार्ग टाकायचं काम फेब्रुवारीत सुरू झालं होतं. शिवाय एक घोटाळा तिच्या लक्षात आला, जो माझ्याही लक्षात आला नव्हता : ४२ टक्के हा स्कुटारीच्या रुग्णालयाचा आकडा, आणि आमच्या समोरचा तक्ता संपूर्ण सैन्याचा. दोन्ही एकाच वाक्यात बसत नाहीत. पहिल्या खर्ड्यात तिनं जी चार संकेतस्थळं वाचली होती त्यांवर हा भेद कुठेच नव्हता. शब्दही जवळजवळ तेच होते, म्हणजे चौघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं. चार ठिकाणी सापडलं म्हणजे चार साक्षीदार, असं ती धरून चालली होती.

जूनची पाकळी पुन्हा वाढते. रोगानं ८०२, जखमांनी २०९. हेही तिनं सोडलं नाही. त्या महिन्यात पटकी (कॉलरा) पुन्हा पसरली होती आणि सेवास्तपोल या रशियन बंदराच्या तटबंदीवरचा १८ जूनचा हल्ला फसला होता. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लन स्वतः २८ जूनला आजारानंच गेले. सगळं सुधारलं आणि सुधारतच गेलं, अशी सरळ रेघ त्या तक्त्यात नाही.

चिठ्ठ्या

आता तिच्याकडे माहिती भरपूर होती आणि दिशा नव्हती. तेव्हा एक साधा उद्योग केला. तिनं जमवलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, आणि चिठ्ठ्या मजकुराप्रमाणे न लावता तो मजकूर मुळात केव्हा लिहिला गेला त्या तारखेप्रमाणे लावायच्या. प्रसंग केव्हाचा ते बाजूला ठेवायचं.

लांब टेबल पुरलं नाही. पण अर्ध्या तासात दोन गोष्टी दिसल्या.

एक : हातात दिवा घेतलेल्या नाइटिंगेल यांचं चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आलं २४ फेब्रुवारी १८५५ ला. म्हणजे स्कुटारीत मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त होतं, त्याच महिन्यात. त्या चित्राची चिठ्ठी आणि ४२ टक्क्यांची चिठ्ठी एकमेकींना चिकटून बसल्या. ती म्हणाली, “म्हणजे लोकांनी त्यांना थोर मानलं तेव्हा आकडे खाली आलेच नव्हते.” अगदी बरोबर. त्यांची कीर्ती आकड्यांमधून आलेली नव्हती. मग ती कशातून आली, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि तो पहिल्या दोन्ही खर्ड्यांत नव्हता.

दोन : १८५५ च्या चित्रानंतर १८५७ ची अमेरिकी कवी लाँगफेलो यांची त्यांच्यावरची कविता, आणि त्यानंतरचं जवळजवळ प्रत्येक शालेय लेखन दिव्याबद्दल बोलतं. १८५८ च्या अहवालाची चिठ्ठी मात्र एकटी पडली होती. नाइटिंगेल यांनी स्वतःच्या हातानं केलेलं सर्वांत मोठं लिखाण, आणि मुलांसाठीच्या मजकुरात त्याचा उल्लेख कुठे एका ओळीत, कुठे तोही नाही.

दिवा खरा होता की नाही, यावर आमचा थोडा वेळ गेला. चित्रांत दिसतो तसा तेलाचा चोचदार दिवा तो नव्हता. तिथे वापरात होता तो घडीचा तुर्की कंदील. तपशील छोटा आहे, पण या शोधानं ती इतकी खूश झाली की तिनं त्याला अहवालात जवळजवळ अर्धं पान दिलं. मला ते कमी करायला सांगावं लागलं.

काळ म्हणजे काय

‘तिच्या काळातलं’ म्हणजे काय, हे मी एरवी फळ्यावर व्याख्या लिहून सांगते. या वेळी सांगितलं नाही. ऑक्टोबर १८५४ च्या चिठ्ठ्या तिला पुन्हा वाचायला लावल्या.

‘टाइम्स’ या वर्तमानपत्राचे बातमीदार युद्धभूमीवर होते. रणांगणावरून विल्यम हॉवर्ड रसेल लिहीत होते, इस्तंबूलहून थॉमस चेनेरी. जखमी सैनिकांना पट्ट्या बांधायलाही माणसं नाहीत, अशा बातम्या ऑक्टोबरच्या मध्याला लंडनमध्ये छापून आल्या. युद्ध खात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी १५ ऑक्टोबरला नाइटिंगेल यांना पत्र लिहिलं. त्यांचं स्वतःहून जायची तयारी दाखवणारं पत्र आदल्याच दिवशी निघालेलं होतं. २१ ऑक्टोबरला त्या निघाल्या. बातमी ते प्रस्थान, दोन आठवड्यांच्या आत. सर्वसामान्य घरातली माणसं चालू युद्धाची दुर्दशा नाश्त्याच्या वेळी वाचतात आणि सरकारला घाईनं काहीतरी करावं लागतं, ही त्या काळात नवी गोष्ट होती. त्याच संतापापोटी जानेवारी १८५५ च्या अखेरीस लॉर्ड अ‍ॅबर्डीन यांचं सरकार कोसळलं, पामरस्टन पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या सरकारनं स्वच्छता आयोग पाठवला.

ही साखळी तिनं स्वतः जोडली. नाइटिंगेल आणि आयोग या तिच्या दुसऱ्या खर्ड्यातल्या दोन प्रतिस्पर्धी बाजू एकाच संतापातून आलेल्या निघाल्या. मला विचाराल तर पूर्ण प्रकल्पातली ही सर्वांत मोलाची जागा. कोण मोठं, हा प्रश्न इथे गळून पडला.

मग तिनं त्या हिवाळ्यात नाइटिंगेल यांनी नेमकं काय केलं याची यादी केली. लष्करी डॉक्टरांनी सुरुवातीला परिचारिकांना वॉर्डात काम देणंच टाळलं. ५ नोव्हेंबरच्या इंकरमनच्या लढाईनंतर जखमींची रीघ लागली तेव्हा ते बदललं. वर्गणीतून जमलेल्या पैशांतून सामान विकत घेणं, धुलाईची व्यवस्था, पथ्याचं अन्न शिजवणारी स्वयंपाकघरं, मेलेल्यांच्या घरी पत्रं, आणि हर्बर्ट यांना एकामागून एक पत्रं : काय नाही, काय अडलं आहे, कोणत्या खात्याकडे अडलं आहे. मृत्यूच्या वेगवेगळ्या नोंदवह्या एकमेकींशी जुळत नाहीत, हेही त्यांनी तिथेच पाहिलं. कोण किती मेलं हे सैन्यालाच धड माहीत नव्हतं.

तिच्या आईनं ही यादी वाचली आणि नोंदवह्यांच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली, असं तिनं मला सांगितलं.

युद्धानंतरची दोन वर्षं

मुलांच्या लेखनात नाइटिंगेल यांची गोष्ट १८५६ मध्ये परत येण्यापाशी संपते आणि एकदम १८६० च्या प्रशिक्षण शाळेवर उडी मारते. मधली वर्षं रिकामी. आम्ही तिथेच सर्वांत जास्त थांबलो.

१८५६ च्या शरद ऋतूत त्यांची ओळख झाली विल्यम फार यांच्याशी. फार हे जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ, मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. दोघांनी मिळून युद्धातले आकडे लावले. १८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्यावर राजआयोग नेमला गेला; तो नेमला जावा म्हणून नाइटिंगेल यांनी सहा महिने पाठपुरावा केला होता. स्त्री म्हणून त्या आयोगाच्या सदस्य होऊ शकत नव्हत्या. लेखी साक्ष दिली, आणि पडद्यामागून प्रश्न आणि आकडे पुरवले. त्याच सुमारास त्या आजारानं खिळल्या. क्रिमियात आलेल्या तापानं त्यांची पाठ सोडली नाही, आणि पुढची बहुतेक कामं खोलीतून, पलंगावरून केली.

या आयोगातून जे बाहेर आलं ते ऐकून माझ्या विद्यार्थिनीनं पेन खाली ठेवलं. युद्ध नसताना, इंग्लंडमधल्या बराकींत राहणारे तरुण, धडधाकट म्हणून निवडलेले सैनिक त्याच वयाच्या साध्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. म्हणजे स्कुटारी हा अपघात नव्हता. गर्दी, कोंदट हवा, घाण पाणी, तुंबलेली गटारं ही सैन्याची रोजची राहणी होती, युद्धानं ती फक्त उघडी पाडली.

“मग त्यांचं महत्त्व दिव्यात नाहीच,” ती म्हणाली. मी म्हटलं, घाई करू नकोस. दिव्यामुळे त्यांचं नाव झालं, आणि ते नाव नसतं तर पलंगावर पडलेल्या बाईच्या तक्त्यांकडे मंत्र्यांनी पाहिलं असतं का? आणि लोकांनी कृतज्ञतेनं जमवलेल्या सुमारे ४४ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली, तो निधी तक्त्यांसाठी नव्हे, दिव्यासाठीच जमला होता. इथे तिनं माझ्याशी वाद घातला. तिचं म्हणणं, हर्बर्ट यांच्यासारख्यांशी त्यांची ओळख युद्धाच्या आधीपासून होती, दिवा नसता तरी दारं उघडली असती. हा मुद्दा चुकीचा नाही. तिनं तो अहवालात ठेवला, माझाही ठेवला, आणि निवाडा दिला नाही.

एक गोष्ट तिला मान्य करायला जड गेली. नाइटिंगेल त्या वर्षांत रोगजंतूंमुळे रोग होतात असं मानत नव्हत्या. घाणेरड्या, सडक्या हवेतून आजार उद्भवतात, हा त्या काळचा सर्वमान्य समज, तोच त्यांचा. पटकी पाण्यातून पसरते असं जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ मध्येच दाखवलं होतं, पण ते पटलेले थोडे. पाश्चर यांचे प्रयोग १८६० च्या दशकातले, कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो १८८० च्या दशकात. “म्हणजे त्या चुकीच्या होत्या?” कारण चुकीचं, उपाय बरोबर. गटार साफ केल्यानं दुर्गंधीही जाते आणि दूषित पाणीही. आजच्या पुस्तकातून मागे पाहिलं तर हा दोष दिसतो. त्या काळात उभं राहून पाहिलं तर पुराव्याशिवाय कुणाचं ऐकू नका म्हणणारी बाई दिसते. तिनं ही दोन वाक्यं लिहिली नाहीत, स्वतःची लिहिली, आणि ती माझ्यापेक्षा बरी होती : ‘त्यांना जंतू माहीत नव्हते. त्यांना मेलेल्यांची संख्या माहीत होती. त्यांनी संख्येवर विश्वास ठेवला.’

भारताबद्दलचं प्रकरण तिला शेवटी सापडलं. इथल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावरचा १८६३ चा अहवाल, दर हजारी ६९ मृत्यूंचा दर, छावण्याछावण्यांना पाठवलेल्या प्रश्नावल्या, आणि हे सगळं भारतात एकदाही न येता. तिला त्यावर तीन पानं लिहायची होती. शब्दमर्यादेमुळे दोनच ओळी राहिल्या. तो वेगळा प्रकल्प आहे.

तिसरा खर्डा आणि गुण

अंतिम अहवालाची सुरुवात जन्मतारखेनं नव्हती. पहिली ओळ होती जानेवारी १८५५ च्या तक्त्याची. त्यानंतर तिनं ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग केले. आधी : सैन्यात मृत्यूंची जुळणारी नोंद नाही, रोगानं मरणं हे युद्धाचं नशीब मानलेलं, शुश्रूषा हे मुख्यतः धार्मिक संस्थांचं किंवा कमी प्रतिष्ठेचं काम. नंतर : सैन्याची वैद्यकीय आकडेवारी नियमित ठेवली जाऊ लागली, लष्करी वैद्यकांसाठी स्वतंत्र शाळा निघाली, धर्मसंस्थेशी न बांधलेली, पगारी, प्रशिक्षित परिचारिका हा पेशा उभा राहू लागला. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळानं पहिली स्त्री सदस्य घेतली, त्याच या.

प्रत्येक बदलापुढे तिनं आणखी कोण होतं ते लिहिलं. गटारांपुढे सदरलंड आणि रॉलिन्सन. आकड्यांपुढे फार. राजकारणापुढे हर्बर्ट. शुश्रूषेपुढे फ्रेंच सैन्याबरोबर आलेल्या धर्मभगिनी, आणि रशियाच्या बाजूनं राजघराण्यातल्या एलेना पावलोव्ह्ना यांनी पाठवलेल्या परिचारिका. ‘पहिल्या परिचारिका’ हे शब्द तिनं स्वतःच खोडले.

४२ आणि २ हे आकडे राहिले, पण वेगळ्या वाक्यात. जानेवारी ते जून या काळात मृत्यू का घटले याची तिनं तीन कारणं दिली : ऋतू आणि रसद, आयोगाची स्वच्छता, रुग्णालयातली सुधारलेली व्यवस्था. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वाटून दिलं नाही. तोंडी परीक्षेत मी तेच विचारलं. ती म्हणाली, “या तक्त्यावरून सांगता येत नाही, बाई. त्यासाठी एकेका रुग्णालयाचे आठवड्यावारी आकडे लागतील.” नववीतल्या मुलीकडून मला याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं.

पूर्ण गुण मात्र दिले नाहीत. मेरी सीकोल यांचं नाव तिनं शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात बसवलं होतं, सर्वांची दखल घेतली असं दिसावं म्हणून. जमैकाहून आलेल्या, पटकीच्या रुग्णांचा अनुभव असलेल्या या बाईंना लंडनमध्ये परिचारिका म्हणून घेतलं गेलं नाही. त्या स्वतःच्या खर्चानं क्रिमियात गेल्या आणि १८५५ मध्ये बालाक्लावाजवळ सैनिकांसाठी खानावळ आणि दवापाण्याची जागा चालवली. त्यांना एका वाक्यात गुंडाळायचं असेल तर मुळीच घेऊ नये, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिला ते लागलं.

पुढच्या सोमवारी तिनं एक सुटं पान आणून दिलं. गुण नोंदवून झाले होते, हे तिला ठाऊक होतं. पानावर एकच वर्ष होतं, १८५७. त्या वर्षी नाइटिंगेल आजारपणात राजआयोगासाठी आकडे लिहीत होत्या. त्याच वर्षी, युद्ध संपल्यावर दिवाळं निघालेल्या सीकोल यांनी उदरनिर्वाहासाठी आपलं आत्मचरित्र छापलं, आणि जुलैत लंडनमध्ये त्यांच्या मदतीसाठी चार दिवसांचा मोठा कार्यक्रम झाला, त्याला सैनिकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी दिव्याची कविता आली. खाली तिनं प्रश्न लिहिला होता : सैनिकांना दोघी आठवत होत्या, मग सरकारी कागदांत एकीचंच नाव का उरलं?